रेस्टॉरंटचे परवाने आणि तपासण्या : १३१ दिवसांच्या नोंदी

चाळीस खुर्च्यांचं छोटं रेस्टॉरंट. मी आणि वहिनी, अशी दोघांची भागी. स्वयंपाकघर त्यांचं, बांधकाम आणि कागदपत्रं माझी. म्हणजे खालच्या बहुतेक चुका माझ्याच आहेत. खर्च रकमेत न लिहिता अंदाजपत्रकाच्या टक्क्यांत लिहिलाय, कुणालाही आपल्या हिशोबात बसवता यावा म्हणून. नियमांतले आकडे जागोजागी थोडेफार बदलतात. इथे आमच्या यादीत होते तेच दिले आहेत.

दिवस १
भाडेकराराची सही झाली, चावी मिळाली. आधी इथे कापडाचं दुकान होतं. उजेड चांगला, रस्त्यावरची जागा, मागे दार. वहिनींनी मागच्या खोलीत पावलं मोजून शेगडी कुठे, भांडी घासायची जागा कुठे ते खडूने जमिनीवर आखलं. खूश होतो.

दिवस ४
खुशी उतरली. परवान्याचा अर्ज घ्यायला गेलो तर खिडकीवरच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला : जागेचा मंजूर वापर काय? कागद काढून पाहिला. ‘किरकोळ विक्री’. कापड विकायला चालेल, अन्न शिजवायला नाही. वापर बदलून घ्यावा लागेल आणि तो मिळेपर्यंत अन्न परवान्याच्या वाटेवरचा एकही अर्ज पुढे सरकणार नाही.

सही करायच्या आधी अर्ध्या तासात हे कळलं असतं. मला कागदाआधी जागा आवडली. आता भाडं सुरू आणि आत झाडू मारण्यापलीकडे काही करता येत नाही. जागा शोधत असाल तर करारात एक ओळ घालून घ्या : वापराची परवानगी मिळाली नाही तर करार रद्द आणि अनामत परत. आमच्या घरमालकांनी नंतर सांगितलं, ‘आधी म्हणाला असतात तर घातली असती की.’

दिवस ८
वापर बदलाचा अर्ज दिला. पोचपावती घेतली, तिचा फोटो काढला. फोटोचा उपयोग पंचविसाव्या दिवशी झाला. ‘तुमचा अर्ज दिसत नाही’ असं उत्तर आलं तेव्हा पावतीवरच्या क्रमांकाने फाईल दुसऱ्या टेबलावर सापडली.

दिवस ११
रिकामा वेळ होता, म्हणून एका पुठ्ठ्यावर कोणता कागद कोणासाठी अडतो ते काढलं. वापर बदलाशिवाय नकाशा मंजूर होत नाही. नकाशाशिवाय अग्निशमनवाले येत नाहीत. त्यांच्या ना हरकतीशिवाय आणि पाण्याच्या अहवालाशिवाय आरोग्य तपासणीची तारीख मिळत नाही. तपासणीशिवाय अन्न परवाना नाही. नावाच्या पाटीची परवानगी मात्र कशावरच अडत नाही. ती मी सगळ्यात शेवटी ठेवली, त्याचं रडगाणं पुढे येईलच.

दिवस १९
नकाशा आधीच करून ठेवावा म्हणून एका ओळखीच्या ड्राफ्ट्समनकडून काढून घेतला. त्याने टेबलं, खुर्च्या, कुंड्यासुद्धा सुरेख काढल्या. अनौपचारिक सल्ला म्हणून आरोग्य विभागात दाखवला. तिथल्या अधिकाऱ्यांनी खुर्च्यांकडे बघितलंही नाही. पेन्सिल घेतली आणि मागच्या दारापासून रेघ ओढायला लागले. कच्चा माल इथून आला, इथे धुतला, इथे चिरला, इथे शिजला, इथून बाहेर गेला. मग उष्टी ताटं उलटी आली, ती कुठे? त्यांची रेघ माझ्या नकाशात थेट वाढायच्या ओट्यावरून गेली. ‘उष्टं आणि ताजं एकाच ओट्यावर भेटतंय,’ एवढंच म्हणाले.

तीन त्रुटी निघाल्या. हात धुण्याचं वेगळं बेसिन नाही. भाजी धुण्याच्या सिंकमध्ये हात धुतलेले चालत नाहीत. पोछ्याचं पाणी ओतायला खालची मोरी नाही. कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहाचं दार थेट स्वयंपाकघरात उघडतं, मध्ये दुसरं दार असलेली जागा हवी.

कुंड्या काढल्या, बेसिन घातलं. फुकट मिळालेला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास.

दिवस ३५
वापर बदल मिळाला. अर्जापासून २७ दिवस. तेवढ्या दिवसांचं भाडं म्हणजे अंदाजपत्रकाचे ४ टक्के, आणि त्या बदल्यात काहीही नाही.

दिवस ४४
नकाशा मंजूर, शिक्क्यासह. याच आठवड्यात माझी दुसरी मोठी चूक उघड झाली. चार दरवाजांचा वापरलेला फ्रीज मी बाविसाव्या दिवशीच घेऊन टाकला होता, स्वस्त मिळाला म्हणून. नव्या नकाशात स्वच्छतागृहाच्या दोन दारांमधली भिंत आली आणि फ्रीजचं एक दार पूर्ण उघडेना. तोटा सोसून विकला. मंजूर नकाशा हातात येईपर्यंत एक चमचाही घ्यायचा नाही, असं वहिनींनी त्याच दिवशी जाहीर केलं. मी मान डोलावली, दुसरं काय करणार?

दिवस ५१ ते ५६
फरशी. हे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत जास्त घाम इथे गाळला.

स्वयंपाकघराच्या जमिनीला नाल्याकडे उतार हवा. मिस्त्रींना सांगितलं होतं, मीटरला दोन सेंटीमीटर. ते म्हणाले, ‘साहेब, तीस वर्षं हेच करतोय.’ मी लेव्हल लावून बघितली नाही. फरशी बसली, सांधे भरले, दोन दिवस वाळली. वहिनींनी येऊन काही न बोलता एक बादली पाणी ओतलं.

पाणी नाल्याकडे निघालं, अर्ध्या वाटेत थबकलं आणि मग आरामात वळून फ्रीजच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. तळहाताएवढं डबकं. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत उभे. मिस्त्री म्हणाले, ‘वाळेल ते.’ वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, रोज वाळेल का?’

नाल्याच्या बाजूच्या चार रांगा उखडल्या. खाली सिमेंटचा थर उलट्या बाजूला चढलेला निघाला. पुन्हा करताना प्रत्येक रांगेनंतर दोरी आणि लेव्हल लावली आणि सांधे भरायच्या आधी बादली ओतून बघितली. त्याच वेळी भिंत आणि जमीन मिळते तो काटकोन घालवून तिथे गोलाई करून घेतली. काटकोनात चिकट मळ बसतो आणि ब्रश तिथे पोचत नाही. गोलाई आधीच नकाशात होती, मिस्त्रींनी ‘फॅन्सी काम’ समजून सोडून दिली होती. पाच दिवस गेले आणि अंदाजपत्रकाचे दीड टक्के.

दिवस ५८
ग्रीस ट्रॅप. भांड्यांच्या पाण्यातलं तेल गटारात जाऊ नये म्हणून मध्ये बसवायची पेटी. पाणी आत आल्यावर संथ होतं, तेल वर तरंगतं, उष्ट्याचा गाळ खाली बसतो, मधलं पाणी पुढे जातं. एवढंच तिचं काम.

आमच्या प्लंबरने ती भांड्यांच्या सिंकला अगदी खेटून बसवली. तिथे कढत पाणी येतं. कढत पाण्यात तेल पातळ राहून सरळ पुढे वाहतं आणि लांब पाइपात जाऊन थिजतं. शिवाय झाकण ओट्याखाली, पूर्ण उघडतच नव्हतं. जी पेटी उघडत नाही ती कुणी साफ करत नाही. मागच्या दाराबाहेर हलवली. तरंगणारं तेल आणि तळाचा गाळ मिळून पाव पेटी भरली की साफ करायची, अशी खूण आतून रंगाने करून ठेवली.

दिवस ६६
धूर ओढणारं हूड चालू केलं आणि मागचं दार उघडेना. खांदा लावून ढकललं तर उघडलं आणि सोडल्यावर धाडकन आपटलं. पंखा आतली हवा बाहेर फेकत होता, पण तेवढीच हवा आत यायला वाट नव्हती. कागदी रुमाल हुडाच्या कडेला धरून बघितला. मध्यभागी चिकटतो, कडेला नुसता लोंबतो. म्हणजे बाजूच्या शेगडीचा धूर हॉलमध्येच येणार.

दोन दुरुस्त्या केल्या. बाहेरची हवा आत आणणारी वेगळी नळी, जाळीसकट. आणि शेगडीच्या बाहेर सगळीकडून १५ सेंटीमीटर पुढे येईल एवढा हुडाला वाढीव पत्रा. ३ टक्के खर्च. हुडाचा आकार शेगडीवरून ठरवतात, आम्ही भिंतीवरून ठरवला होता.

दिवस ७०
अग्निशमनची तपासणी. बरी गेली, दोन गोष्टी सोडून. बाहेर पडायचं पुढचं दार आत उघडत होतं. गर्दी दारावर रेटली तर ते उघडणारच नाही, म्हणून बिजागऱ्या फिरवून बाहेर उघडतं केलं. दुसरं, आम्ही पावडरची दोन नळकांडी टांगली होती. तळणीच्या तेलासाठी ओल्या रसायनाचं वेगळं नळकांडं लागतं, ते तेलावर साबणासारखा थर धरतं आणि थंडही करतं. पेटत्या तेलावर पाणी टाकलं तर पाण्याची क्षणात वाफ होते, घनफळ साधारण १७०० पट वाढतं आणि जळतं तेल छतापर्यंत उडतं. आलेल्या अधिकाऱ्यांनी हे सगळ्या मुलांना उभं करून समजावलं. माझ्या दहा सूचनांपेक्षा ती पाच मिनिटं भारी पडली.

दिवस ७४ ते ८१
पाण्याचा नमुना. धुतलेल्या जुन्या बाटलीत नळाचं पाणी भरून मी स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिलं, बाकीची कामं उरकत उरकत, गाडीत दुपारभर फिरवून. अहवाल आला : कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जंतू, आढळले. धाबं दणाणलं. टाकी रिकामी करून घासली, क्लोरीन टाकलं, पाइप बदलायचा विचार सुरू झाला.

प्रयोगशाळेतल्या ताईंनी फोनवर एकच विचारलं, ‘बाटली आमची होती का?’

नव्हती. त्यांच्या निर्जंतुक बाटलीत एक रसायन आधीच घातलेलं असतं, ते पाण्यातलं क्लोरीन निष्प्रभ करतं, म्हणजे नमुना घेताना जे होतं तेच मोजलं जातं. नळाची जाळी काढायची, तोंड पुसून निर्जंतुक करायचं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचं. दुसरा नमुना असा घेतला. १०० मिलीलीटरमध्ये ई. कोलाय (कोलिफॉर्ममधलाच, विष्ठेतून येणारा जंतू) शून्य, कोलिफॉर्म शून्य. सात दिवस गेले. टाकी मात्र स्वच्छ झाली, ती तशीही करायचीच होती.

दिवस ८२
कर्मचाऱ्यांची वैद्यकीय तपासणी आणि अन्न हाताळण्याचं प्रशिक्षण. विनासायास झालं.

दिवस ८५
वहिनींनी रंगीत तालीम घेतली. त्या निरीक्षक, आम्ही आरोपी. पहिल्यांदा त्यांनी आमचा खुपसायचा थर्मामीटर मागितला आणि एका पेल्यात बर्फ ठेचून, वर थोडं पाणी घालून, ढवळून त्यात धरला. शून्य दाखवायला हवं. अर्धा मिनिट झालं, काटा ३ वर ठाम. म्हणजे आठवडाभर आम्ही ज्याला ४ अंश समजत होतो तो फ्रीज प्रत्यक्षात १ अंशाला होता आणि शेगडीवरचं ७५ म्हणजे ७२. थर्मामीटरच्या मानेखाली एक छोटा नट असतो, तो पान्ह्याने फिरवून काटा शून्यावर आणला. आता दर सोमवारी पेल्यात बर्फ.

दिवस ८९
आरोग्य तपासणी. नापास.

निरीक्षक मॅडम आल्या, हातमोजे काढून ठेवले आणि पहिल्यांदा हात धुवायला गेल्या. ते सौजन्य नव्हतं, तपासणी तिथूनच सुरू झाली होती. बेसिनवर साबण होता, पुसायचे कागद संपले होते. आणि बेसिनच्या आत एक चमचा पडला होता. ‘इथे फक्त हात धुता ना?’ त्यांनी विचारलं. चमच्याने उत्तर दिलेलंच होतं.

मग मागच्या दाराखाली पेन्सिल घातली. ती गडगडत बाहेर गेली. सहा मिलिमीटरच्या फटीतून उंदराचं पिल्लू आत येतं, म्हणून पेन्सिल. कोठाराच्या दिव्याला आवरण नव्हतं. फुटला तर काच पिठात. सर्वांत खालच्या फळीवरची पोती जमिनीला टेकलेली, १५ सेंटीमीटर वर हवीत. ओटे पुसायच्या फवाऱ्यात त्यांनी क्लोरीनची पट्टी बुडवली, रंगच बदलला नाही. मी ते द्रावण सकाळी गरम पाण्यात केलं होतं, आणि गरम पाण्यातून क्लोरीन उडून जातं. पाच टक्क्यांचं ब्लीच असेल तर लिटरभर गार पाण्यात दोन मिलीलीटर, म्हणजे दशलक्षात १०० भाग होतात. मी अंदाजाने ओतलं होतं.

हे सगळं सुधारता येण्यासारखं. खरी नामुष्की पुढे झाली. फ्रीजच्या तापमानाची वही त्यांनी उघडली. चौदा दिवसांच्या नोंदी, सकाळ-संध्याकाळ, ४, ४, ४, ३, ४. एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात. काही वेळ पानं उलटत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘अक्षर छान आहे. एका बैठकीत लिहिलंत की दोन?’

एका. आदल्या रात्री, मी. वहिनींना माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, तेच जास्त लागलं. मॅडमनी वहीवर आडवी रेघ मारली, तारीख घातली आणि म्हणाल्या, ‘उद्यापासून खरी लिहा. आठ अंश आले तर आठ लिहा, आणि मग काय केलंत ते लिहा. मला तेच वाचायचं असतं.’ फेरतपासणी बारा दिवसांनी, वेगळं शुल्क भरून.

दिवस ९० ते ९५
दाराखाली रबर आणि पत्र्याची पट्टी. दिव्यांना आवरणं. फळ्या वर. कागदाचा डबा बेसिनच्या वरच, कुलपाचा. सगळं मिळून अर्धा टक्कासुद्धा नाही. पहिल्या तपासणीआधी हे का केलं नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही.

वही दाराला दोरीने बांधली, पेनही बांधलं. फ्रीज उघडणारा लिहील, त्याच्या अक्षरात.

दिवस ९६
एक त्रुटी राहिली होती : शिजलेलं थंड कसं करता ते दाखवा. आमच्या यादीप्रमाणे ६० अंशांवरून २१ पर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत आलं पाहिजे. मधल्या पट्ट्यात जंतू सगळ्यांत वेगाने वाढतात.

बारा लिटर सूप खोल पातेल्यात ओट्यावर ठेवून बघितलं. ६० ला घड्याळ लावलं. एका तासाने ५४, दोन तासांनी ४७. २१ चं नावच नको. तसंच उचलून फ्रीजमध्ये ठेवलं, तर सूप गार व्हायच्या आधी फ्रीज ९ अंशांवर गेला आणि शेजारचं दूध धोक्यात आलं. सूप टाकून दिलं.

दुसऱ्या घाण्याला पातेलं बर्फाच्या पाण्यात उभं करून वहिनी लांब डावाने ढवळत राहिल्या, मग पाच सेंटीमीटर खोलीच्या ट्रेंमध्ये ओतून, झाकण तिरकं ठेवून फ्रीजमध्ये. दोन तासांनी १९. आणखी तीन तासांनी ५. तिसऱ्यांदा त्या न ढवळता मुलांकडून करवून घेतलं, कारण वहिनी रोज असतीलच असं नाही. २०. जमलं. हे आकडे वहीत आहेत, पहिल्या ४७ सकट.

दिवस १०१
फेरतपासणी पास. मॅडमनी पुन्हा हात धुतले, पुन्हा पेन्सिल घातली. वही वाचताना ४७ वर थांबल्या आणि पुढे गेल्या.

दिवस १०२ ते १०९
परवाना छापून आला त्यावर नाव एक, पाटीच्या अर्जात एक. माझ्याकडून पाटीच्या अर्जात एक वेलांटी चुकली होती. दुरुस्तीला आठ दिवस. तयार पाटी पुन्हा रंगवली. एवढ्या मोठमोठ्या गोष्टी पार करून शेवटी घोडं वेलांटीवर अडलं. पाटीचा अर्ज पहिल्या आठवड्यात केला असता तर ही चूक अगदी शेवटी नाही, वापर बदलाची वाट बघण्याच्या रिकाम्या दिवसांत दुरुस्त झाली असती.

दिवस ११०
उघडलं. पहिल्या दिवशी अकरा गिऱ्हाइकं, त्यातली चार नातेवाईक.

हिशोब : बांधकाम आणि परवाने मिळून अंदाजपत्रक १७ टक्क्यांनी ओलांडलं. त्यातला निम्म्याहून जास्त भाग नुसत्या भाड्याचा. शासकीय शुल्कं सगळी मिळून दोन टक्क्यांच्या आत. वाया गेलेले दिवस मोजले : वापर बदल २७, फरशी ५, पाणी ७, फेरतपासणी १२, वेलांटी ८. एकूण ५९.

दिवस १३१
मॅडम न सांगता आल्या, जेवणाच्या ऐन गर्दीत. बेसिनवर कागद होते. वहीला तेलाचा डाग, चार जणांची चार अक्षरं आणि १२४ व्या दिवसासमोर ८ अंश, खाली ‘दार नीट लागलं नव्हतं, दूध टाकलं, तासाने ४’. ती ओळ वाचून त्या उठल्या, फ्रीजपाशी गेल्या आणि दाराच्या रबरात एक कागद अडकवून ओढला. सरळ निघून आला. खालच्या कोपऱ्यात रबर फाटलंय. पंधरा दिवसांत बदला, असा शेरा. रबर मागवलं आहे, यायला आठ दिवस लागतील. तोवर ते दार पाय लावून बंद करतो आणि दर तासाला तापमान लिहितो.